पहिले तीन दिवस बोलणारा भाजलेला रुग्ण नंतर का खालावतो?

हडपसर येथील एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या 52 वर्षांच्या काकू पहाटे गॅसगळतीने पेट घेतलेल्या बंद स्वयंपाकघरात भाजल्या. चेहरा, दोन्ही हात आणि छाती-पोटाचा बराच भाग मिळून 38 टक्के भाजल्याची नोंद झाली. त्या स्वतःच्या पायांनी जिना उतरल्या, अँब्युलन्समध्ये बसल्या आणि पहिले तीन दिवस नीट बोलत होत्या. चौथ्या दिवशी त्यांना धाप लागली, सहाव्या दिवशी व्हेंटिलेटर लावावा लागला आणि आज नवव्या दिवशी डॉक्टर ‘सेप्सिस झाला आहे, सांगता येत नाही’ असे म्हणत आहेत. (सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गामुळे साऱ्या शरीराचे कामकाज बिघडून अवयव निकामी होऊ लागणे.) ‘38 टक्केच भाजले होते, काकू बोलत होती, मग उपचारांत चूक झाली का? तिला मुंबईला हलवावे का?’ असे त्यांचे दोन मुख्य प्रश्न आहेत.

मी 22 वर्षे पुण्यात अतिदक्षता विभागात काम करतो आहे आणि त्यांतील बरीच वर्षे भाजलेल्या रुग्णांच्या स्वतंत्र कक्षात गेली आहेत. काकूंना मी तपासलेले नाही, त्यामुळे त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांनी काय करायला हवे होते यावर मी निवाडा देणार नाही. मात्र तुम्ही जो क्रम लिहिला आहे, म्हणजे आधी बोलणे, मग धाप, मग व्हेंटिलेटर आणि मग सेप्सिस, तो गंभीर भाजण्याचा अगदी नेहमीचा क्रम आहे. केवळ या क्रमावरून चूक झाली असे म्हणता येत नाही. पहिले तीन दिवस काकू बऱ्या होत्या आणि नंतर बिघडल्या, असे तुम्ही धरून चालला आहात. वस्तुस्थिती अशी की त्या पहिल्या तासापासूनच अत्यवस्थ होत्या. फक्त शरीराचा जो भाग बिघडला होता त्याचा बोलण्याशी संबंध नव्हता. डोक्याला मार लागलेला रुग्ण बेशुद्ध असतो, कारण इजा मेंदूला झालेली असते. भाजलेल्या माणसाचा मेंदू शाबूत असतो, तो नातेवाइकांना ओळखतो, चहा मागतो, मुलांची चौकशी करतो, आणि त्याच वेळी त्याच्या रक्तवाहिन्यांतून पाणी व प्रथिने पाझरून ऊतींमध्ये जात असतात.

नातेवाइकांशी होणारे सर्वांत कडवट वाद याच एका मुद्द्यावर होतात, असा माझा अनुभव आहे. एका रुग्णालयात मी नवा असताना आठव्या दिवशी दगावलेल्या तरुणाच्या भावाने माझी कॉलर धरून विचारले होते, ‘चालत आला होता ना तो?’ त्याला तो प्रश्न पडणे स्वाभाविक होते, कारण पहिल्या दिवशी ‘पुढचा आठवडा जास्त धोक्याचा आहे’ हे त्याला आमच्यापैकी कोणीही बसवून सांगितले नव्हते. मोठ्या दुर्घटनांतही हेच दिसते. 8 डिसेंबर 2023 रोजी तळवडे येथे वाढदिवसाच्या फुलबाजी-मेणबत्त्या बनविणाऱ्या कारखान्यात आग लागली, तेव्हा पहिल्या दिवशी जाहीर झालेला मृतांचा आकडा पुढच्या दिवसांत वाढतच गेला. जागीच मृत्यू येतो तो बहुधा धुराने व ज्वाळांनी. रुग्णालयात पोहोचलेल्यांचे मृत्यू दिवसांनी, कधी आठवड्यांनी होतात, आणि त्यामागची कारणे वेगळी असतात.

आता ‘38 टक्केच’ या शब्दाकडे वळतो. हा आकडा काढण्याची प्रचलित रीत 1951 मध्ये वॉलेस या सर्जनांनी रूढ केलेल्या ‘नऊच्या नियमा’ची आहे. डोके-मान 9, प्रत्येक हात 9, धडाची पुढची बाजू 18, पाठ 18, प्रत्येक पाय 18 आणि जननेंद्रियाचा भाग 1 असे ते शंभर टक्के भरतात. किरकोळ ठिगळांसाठी रुग्णाचा बोटांसह तळहात म्हणजे 1 टक्का धरतात. लहान मुलांचे डोके शरीराच्या मानाने मोठे असल्यामुळे त्यांच्यासाठी वेगळा तक्ता वापरावा लागतो. हा आकडा पृष्ठभाग सांगतो, खोली सांगत नाही. वरवर भाजलेल्या 38 टक्क्यांना तीन आठवड्यांत आपोआप नवी त्वचा येऊ शकते. पूर्ण जाडीपर्यंत जळालेल्या 38 टक्क्यांना ती कधीच येत नाही, तिथे दुसरीकडची कातडी काढून लावावीच लागते. खोल भाजलेल्या जागी वेदना कमी असते, कारण वेदना पोहोचविणारे मज्जातंतूच जळालेले असतात. ‘तिला फारसे दुखत नव्हते’ हे वाक्य घरचे दिलाशाने सांगतात आणि आम्ही ते काळजीने ऐकतो. शिवाय पहिल्या दिवशी काढलेला खोलीचा अंदाज बदलू शकतो. जॅक्सन या सर्जनांनी 1953 मध्ये दाखविल्याप्रमाणे, मध्यभागी मेलेल्या ऊतीभोवती रक्तप्रवाह मंदावलेला एक पट्टा असतो. पुरेसा रक्तपुरवठा मिळाला तर तो जगतो, रक्तदाब घसरला किंवा जंतुसंसर्ग झाला तर तोही मरतो. म्हणून तिसऱ्या दिवशी डॉक्टर ‘जखम खोल झाली’ म्हणतात तेव्हा कोणी आधी खोटे सांगितलेले नसते. जाता जाता एक गोष्ट सांगतो: टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीही लावल्याने जखम भरत नाही आणि खोली ओळखणे मात्र अवघड होते. भाजल्यावर पहिल्या तीन तासांत 20 मिनिटे नळाचे वाहते साधे पाणी, एवढाच घरगुती उपाय पुराव्यावर टिकलेला आहे. मोठ्या प्रमाणात भाजलेल्या माणसाला त्यानंतर कोरड्या स्वच्छ चादरीत गुंडाळावे, कारण त्याचे अंग झपाट्याने गार पडते.

टक्क्यांवरून जिवाचा अंदाज बांधण्याचे प्रयत्न जुने आहेत. सर्ज बो या फ्रेंच डॉक्टरांनी 1961 मध्ये वय आणि टक्के यांची साधी बेरीज सुचविली. पुढे 2010 मध्ये त्यात सुधारणा होऊन श्वासमार्गाला धुराची इजा असेल तर आणखी 17 मिळवावेत असे ठरले. काकूंचा हिशेब 52 अधिक 38 म्हणजे 90 आणि धुराची इजा धरली तर 107 होतो. ब्रिटनमधील एका मोठ्या बर्न्स केंद्राने 27 वर्षांच्या नोंदींवरून 2012 मध्ये जे लिहिले, त्यानुसार ही बेरीज 110 च्या आसपास असताना निम्मे रुग्ण वाचतात आणि 160 च्या पुढे उपचार निष्फळ ठरतात. याउलट बोस्टनमधील 1998 च्या प्रसिद्ध अभ्यासात तीनच गोष्टी मोजल्या होत्या: वय 60 च्या वर, भाजणे 40 टक्क्यांच्या वर आणि धुराची इजा. यांतील एकही नसेल तर मृत्यूची शक्यता 0.3 टक्के, एक असेल तर 3, दोन असतील तर 33 आणि तिन्ही असतील तर सुमारे 90 टक्के असे त्यात आढळले. त्या तक्त्यात काकूंच्या वाट्याला फक्त धुराची इजा येते, म्हणजे 3 टक्के. एकच रुग्ण एका मापाने जवळजवळ निम्म्या धोक्यात आणि दुसऱ्या मापाने जवळजवळ सुरक्षित दिसतो, कारण 52 वर्षे आणि 38 टक्के हे दोन्ही आकडे बोस्टनच्या रेषांच्या किंचित अलीकडे पडतात. रेषेच्या अलीकडे असणे म्हणजे धोक्याबाहेर असणे नव्हे. आणि ही दोन्ही मापे अशा केंद्रांतली आहेत जिथे रुग्ण तासाभरात पोहोचतो, पहिल्या आठवड्यात जळकी कातडी काढली जाते, त्वचापेढीत साठा असतो आणि एका परिचारिकेकडे एकच रुग्ण असतो. आपल्याकडे यांतले एखादे तरी अनेकदा नसते. मी स्वतः बेरीज करतो, पण नातेवाइकांना टक्केवारीचे भाकीत सांगत नाही.

पहिल्या 48 तासांत काय घडते ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण पुढच्या आठवड्याचे बीज तिथेच असते. 20 टक्क्यांहून अधिक भाजले की केवळ जखमेतल्याच नव्हे, तर साऱ्या शरीरातील केशवाहिन्या पाझरू लागतात. ही गळती पहिल्या 8 ते 12 तासांत सर्वाधिक असते. ती भरून काढण्यासाठी डॅलस येथील पार्कलँड रुग्णालयातून 1968 मध्ये आलेले सूत्र आजही वापरतात: किलोमागे, प्रत्येक टक्क्यामागे 4 मिलिलिटर रिंगर लॅक्टेट. काकूंचे वजन 60 किलो धरले तर हे 9,120 मिलिलिटर होते, म्हणजे 24 तासांत नऊ लिटरहून अधिक सलाईन. त्यातले निम्मे पहिल्या 8 तासांत द्यायचे, आणि ते 8 तास भाजल्याच्या क्षणापासून मोजायचे, रुग्णालयात आल्यापासून नव्हे. रुग्ण तीन तास उशिरा आला तर तेवढेच पाणी उरलेल्या पाच तासांत बसवावे लागते. एका छोट्या दवाखान्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असा प्रवास झालेल्या रुग्णांच्या मूत्रपिंडांची किंमत बहुधा याच तासांत चुकती होते. सूत्र ही फक्त सुरुवात आहे. पुढे दर तासाची लघवी पाहून वेग ठरवतात, मोठ्या माणसात किलोमागे ताशी अर्धा मिलिलिटर आणि मुलांत सुमारे एक. पाणी कमी पडले तर मूत्रपिंडे आणि जखमेभोवतालचा तो तग धरून असलेला पट्टा मरतो. जास्त झाले तर फुप्फुसांत आणि पोटात पाणी साचते, पोटातला दाब वाढून लघवीच थांबते. गेल्या 25 वर्षांत बर्न्सच्या डॉक्टरांनी स्वतःवरच सर्वांत जास्त टीका केली असेल तर ती या अतिरेकी सलाईनबद्दल. तुम्ही लिहिले आहे की दुसऱ्या दिवशी काकूंचा चेहरा ओळखू येईना इतका सुजला आणि डोळे मिटले. ती सूज या गळतीची होती. ती पहिल्या दोन दिवसांत शिगेला पोहोचते आणि बहुधा पाचव्या-सहाव्या दिवशी ओसरते. छाती किंवा हात चहूबाजूंनी खोल भाजला असेल, तर कडक झालेली कातडी आतल्या सुजेला जागा देत नाही, तेव्हा ती लांब चिरून मोकळी करावी लागते. ते दृश्य नातेवाइकांना हादरवते, परंतु त्या चिरांनी बोटे वाचतात आणि श्वास सुटतो.

तुमच्या काकूंच्या बाबतीत माझ्या मते निर्णायक गोष्ट 38 हा आकडा नसून ‘बंद स्वयंपाकघर’ ही आहे. धूर तीन प्रकारे मारतो. गरम हवेने स्वरयंत्राजवळचा भाग सुजतो, आवाज घोगरा होतो आणि काही तासांत श्वासनलिकेत नळी घालणेही अशक्य होऊ शकते; म्हणून नाकातले केस जळालेले, थुंकीत काजळी आणि आवाज बदललेला असा रुग्ण बोलत असतानाच आम्ही नळी घालतो. ‘बोलत होती, तरी नळी का घातली?’ हा प्रश्न तेव्हाही येतोच. दुसरा प्रकार कार्बन मोनॉक्साइडचा. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो, आणि बोटाला लावलेले साधे ऑक्सिमीटर त्याला प्राणवायूच समजून 98 दाखवत राहते. साध्या हवेत त्याचे प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात, शंभर टक्के प्राणवायूवर तासा-दीड तासात होते, म्हणून मास्क लगेच लावायचा असतो. तिसरा प्रकार सर्वांत फसवा: काजळीतली रसायने फुप्फुसांतल्या बारीक नळ्यांचे अस्तर जाळतात. ते अस्तर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून सालपटांसारखे सुटू लागते, कफाबरोबर गुठळ्या होऊन नळ्या बुजतात आणि बुजलेल्या भागात न्यूमोनिया होतो. पहिल्या दिवशीचा छातीचा एक्स-रे यात अगदी स्वच्छ असू शकतो. चौथ्या दिवशी धाप आणि सहाव्या दिवशी व्हेंटिलेटर हे यात नेमके बसते.

मधला तिसरा-चौथा दिवस उसंतीचा असतो. गळती थांबलेली, रक्तदाब स्थिर, लघवी भरपूर. घरचे देवाला नारळ फोडतात तो हा दिवस. त्याच सुमारास जखमेत पुढची तयारी चाललेली असते.

जळालेली कातडी ही रक्तपुरवठा नसलेली, ओलसर, प्रथिनांनी भरलेली जागा असते. सुरुवातीला केसांच्या मुळांत उरलेले, त्वचेवरचेच जंतू तिथे वाढतात. आठवड्याच्या आत आतड्यांतले आणि रुग्णालयातले जंतू त्यांची जागा घेतात. आपल्याकडच्या अतिदक्षता विभागांत हे मुख्यतः स्यूडोमोनास, ॲसिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला असतात, आणि त्यांतले अनेक बहुतेक प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. रक्तपुरवठाच नसल्यामुळे शिरेतून दिलेले औषध मेलेल्या कातडीपर्यंत पोहोचतही नाही. ‘पहिल्या दिवसापासून भारी अँटिबायोटिक का दिले नाही?’ असे तुम्ही विचारले आहे. ते न देणे हेच बरोबर आहे. संसर्ग नसताना दिलेले प्रतिजैविक संसर्ग थांबवत नाही, ते फक्त साधे जंतू मारून चिवट जंतूंना मैदान मोकळे करते. नंतर कोलिस्टिनसारखे औषध काढावे लागते आणि ते मूत्रपिंडांना इजा करते, अशा वेळी जेव्हा मूत्रपिंडे आधीच दमलेली असतात.

भाजलेल्या माणसात सेप्सिस ओळखणे कठीण असते, आणि विलंबाचा आरोप बहुधा इथे होतो. मोठ्या जखमेचा रुग्ण संसर्ग नसतानाही तापलेला असतो, नाडी शंभराच्या वर असते, पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात. म्हणून 2007 मध्ये अमेरिकी बर्न्स तज्ज्ञांनी भाजलेल्यांसाठी वेगळ्या खुणा ठरविल्या: ताप 39 अंशांच्या वर किंवा 36.5 च्या खाली, नाडी 110 च्या वर, तिसऱ्या दिवसानंतर प्लेटलेट एक लाखाच्या खाली जाणे, साखर अचानक चढणे आणि नळीतून दिलेले अन्न न पचणे. यांतली कोणतीही एक खूण पुरेशी नसते. काकू बरळू लागल्या, पोट फुगले आणि दूध उलटून आले असे तुम्ही पाचव्या दिवसाबद्दल लिहिले आहे. अनुभवी परिचारिका हे पाहून डॉक्टरांना फोन करते, रिपोर्ट येण्याची वाट पाहत नाही.

या संसर्गावर खरा इलाज औषधाच्या बाटलीत नसून शस्त्रक्रियेत आहे, हे माझे ठाम मत आहे. 1970 मध्ये स्लोव्हेनियाच्या झोरा यांझेकोविच यांनी जळालेली कातडी आपोआप सुटण्याची वाट न पाहता सुरुवातीच्या दिवसांतच तिचे पातळ थर तासून रक्त येणाऱ्या जिवंत ऊतीपर्यंत जाण्याची आणि लगेच कातडी लावण्याची पद्धत जगापुढे मांडली. मृत्यूंचे प्रमाण घटविण्यात या पद्धतीचा मोठा वाटा आहे. तरीही आपल्याकडे ही शस्त्रक्रिया दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत रेंगाळते. ती रक्तबंबाळ असते आणि एका वेळेस कित्येक पिशव्या रक्त लागते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला थिएटरमध्ये न्यायला भूलतज्ज्ञ कचरतात. आणि तासल्यानंतर झाकायला कातडी कुठून आणायची हा प्रश्न उरतोच. 38 टक्के झाकायला रुग्णाच्या मांड्या-पोटऱ्या पुरतात, पण एकदा काढलेली जागा भरून पुन्हा वापरायला दोन आठवडे लागतात. तोपर्यंत मृत दात्याची कातडी तात्पुरते पांघरूण म्हणून लावता येते. दोन-तीन आठवड्यांत शरीर ती नाकारते, मात्र तेवढ्या अवधीत संसर्ग, वेदना आणि पाण्याचा ऱ्हास तिन्ही आटोक्यात राहतात. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचादान करता येते, रक्तगट जुळवावा लागत नाही आणि ग्लिसरॉलमध्ये ती वर्षानुवर्षे टिकते. सायनचे लोकमान्य टिळक रुग्णालय आणि ऐरोलीचे नॅशनल बर्न्स सेंटर येथील त्वचापेढ्या जुन्या आहेत, पुण्यातही सोय आहे. साठा मात्र मागणीच्या मानाने नेहमीच अपुरा. सायनच्याच डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांची ड्रेसिंग वापरून दाखविली, हे इथे आवर्जून नोंदवतो. ती खोल जखमेला उपयोगी नाही, पण वरवरच्या जखमेवर चिकटत नाही, काढताना दुखत नाही आणि खर्च नगण्य असतो. आमच्या क्षेत्रात परदेशी महागड्या पट्ट्यांचे जेवढे कौतुक होते, त्याच्या दहाव्या हिश्शानेही या कामाचे झालेले नाही.

आहाराबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरीही सांगतो, कारण यात घरच्यांना काही करता येते. भाजलेले शरीर दिवसरात्र पळणाऱ्या माणसासारखे इंधन जाळते. एका जुन्या सूत्राने काकूंची रोजची गरज 3,020 कॅलरी येते. ते सूत्र थोडे फुगवून सांगते, तरी 90 ते 120 ग्रॅम प्रथिने लागतातच. ती मिळाली नाहीत तर शरीर स्वतःचे स्नायू खाते, त्यात श्वासाचे स्नायूही येतात, आणि रुग्ण व्हेंटिलेटरवरून उतरत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून नाकातल्या नळीने अन्न सुरू करतात. नातेवाईक प्रेमाने शहाळी आणि मोसंबीचा रस आणतात. त्यात प्रथिने जवळजवळ नसतात आणि मूत्रपिंडे बिघडली असतील तर शहाळ्यातले पोटॅशियम घातक ठरते. ग्लुटामिन या प्रथिनाच्या घटकाची महागडी पावडर कोणी आणायला सांगितली, तर 2022 मध्ये सुमारे 1,200 रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत तिचा फायदा दिसला नाही, हे नम्रपणे सांगावे. आणि खोली इतकी गरम का ठेवतात, एसी का लावत नाहीत, याचे उत्तरही इथेच आहे: त्वचा नसलेले शरीर उष्णता राखू शकत नाही, 30 अंशांच्या आसपासच्या खोलीत त्याची तेवढी ऊर्जा वाचते.

पुण्यात अतिदक्षता विभागापर्यंत येणारे रुग्ण एकाच प्रकारचे नसतात. काकूंसारखे स्वयंपाकघरातले अपघात, मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात चोरून गॅस भरताना झालेले भडके, बंबाच्या किंवा बादलीतल्या कढत पाण्यात पडलेली दोन-तीन वर्षांची मुले, औद्योगिक पट्ट्यातले कामगार आणि विजेचा धक्का बसलेले तरुण असे निरनिराळे गट आहेत. विजेच्या रुग्णात तर टक्क्यांना काहीच अर्थ नसतो. गच्चीवरून लोखंडी सळई उचलताना उच्चदाबाच्या तारेला लागली, तर कातडीवर तळहाताएवढ्या दोन जखमा दिसतात आणि आत खांद्यापर्यंतचे स्नायू शिजलेले असतात. लघवी कोकमाच्या सरबतासारखी होते, ती धुऊन काढायला पाणी जास्त द्यावे लागते आणि हात कापावा लागण्याची शक्यता मोठी असते. मुलांचे चित्र बरेच आशादायक आहे, वेळेवर आणले तर. स्त्रियांच्या भाजण्यामागे जे कधी कधी दडलेले असते त्याबद्दल एकच मुद्दा मांडतो, कारण तो ‘बोलणाऱ्या’ दिवसांशी जोडलेला आहे. पोलीस आणि दंडाधिकारी पहिल्याच दिवशी जबाब घ्यायला येतात, तेव्हा घरच्यांना ते अमानुष वाटते. परंतु आठवड्यानंतर रुग्ण बोलू शकेलच याची खात्री नसते हे त्यांनाही ठाऊक असते. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 2002 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की, रुग्ण शुद्धीवर असल्याबद्दल जबाब घेणाऱ्याची खात्री पटली असेल, तर केवळ डॉक्टरांचे प्रमाणपत्र नाही म्हणून मृत्युपूर्व जबाब निरर्थक ठरत नाही. तुमच्या काकूंचा जबाब झाला असेल तर त्यात शंकास्पद असे काही समजू नका, तो कायद्याचा शिरस्ता आहे.

आता आजच्या स्थितीकडे येतो. ‘कशी आहे?’ या प्रश्नाला ‘सिरियस आहे’ हेच उत्तर मिळणार, म्हणून रोज एकाच ठरलेल्या माणसाने, एकाच ठरलेल्या वेळी, नेमके प्रश्न विचारावेत. रक्तदाब टिकवणाऱ्या औषधाचा वेग कालच्यापेक्षा वाढला की घटला? व्हेंटिलेटरवर किती टक्के प्राणवायू लागतो आहे? लघवी किती झाली, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा रक्तातला आकडा) किती आहे? नळीतले अन्न पचते आहे का? जखमेच्या आणि रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, कोणता जंतू आला आणि त्यावर कोणते औषध चालते? आणि सर्वांत महत्त्वाचे, किती टक्के जखम अजून उघडी आहे आणि पुढची शस्त्रक्रिया कधी? फुप्फुसे बिघडली पण मूत्रपिंडे चालू आहेत, रक्तदाबाचे औषध उतरते आहे, अशी स्थिती असेल तर नवव्या दिवशी सेप्सिस असलेले रुग्ण बरे होऊन घरी गेलेले मी अनेक पाहिले आहेत. तीन अवयव एकाच वेळी बंद पडले आणि डायलिसिसवरही रक्तदाब टिकत नसेल, तर बरे होण्याची शक्यता फार कमी राहते, आणि हे तुमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगावे अशी अपेक्षा तुम्ही ठेवू शकता.

मुंबईला हलवावे का? आजच्या स्थितीत, रक्तदाबाचे औषध चालू असताना आणि प्राणवायूची गरज जास्त असताना, माझे उत्तर नाही असे आहे. घाटातला तीन-चार तासांचा प्रवास हा अशा रुग्णासाठी उपचार नसून आणखी एक इजा असते, आणि तिथे पोहोचल्यावर पहिले दोन दिवस प्रवासाने बिघडलेले सावरण्यात जातात. अपवाद एकच: सध्याच्या रुग्णालयात कातडी तासून लावणारा प्लास्टिक सर्जन नसेल किंवा जखमेची शस्त्रक्रिया करायची तयारीच नसेल, तर पुढचे काही दिवस स्थिर करून हलविणे रास्त आहे. तसे असल्यास आधी पुण्यातच बर्न्सचा स्वतंत्र विभाग असलेल्या ठिकाणी खाट मिळते का ते पाहा. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजण्याचे उपचार समाविष्ट आहेत. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार घेऊन आजच भेटा. ट्रॅकिओस्टॉमीसाठी संमती मागत आहेत असे तुम्ही शेवटी लिहिले आहे. घशाला छिद्र पाडण्याची कल्पना भीतिदायक वाटली तरी दीर्घकाळ व्हेंटिलेटर लागणार असेल, चेहरा भाजलेला असेल आणि तोंडातली नळी ओठांच्या जखमा चिघळवत असेल, तर ती संमती द्यावी. पुढे छिद्र बुजते आणि आवाज बहुधा परत येतो. हलवायचेच ठरले तर सोबत डॉक्टर आणि वाहतुकीचा व्हेंटिलेटर असलेली अँब्युलन्स घ्या. तिथल्या सर्जनशी इथल्या सर्जनचे फोनवर आधी बोलणे करून द्या. बरोबर पहिल्या दिवसाचा शरीराचा आराखडा, रोजचा पाणी-लघवीचा तक्ता, सर्व कल्चर रिपोर्ट आणि जखमांचे तारीखवार फोटो न्या, कारण सर्जन पुढची शस्त्रक्रिया त्या फोटोंवरून ठरवतो.